आत्याचे चार आणे : हायवेच्या भरपाईचं एक प्रकरण, पहिल्यापासून

मी वकील नाही. पण ह्या प्रकरणाची फाईल दोन वर्षांहून जास्त माझ्याकडे होती, तारखांना आत्याबरोबर मीच जायचे, नकलांसाठी अर्ज करायला, झेरॉक्स काढायला, तलाठ्याकडे जुने फेरफार शोधायला मीच उभी असायचे, त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही. आमच्या ओळखीतल्या तीन-चार बायकांनी एवढ्यात विचारलं की तुमच्या आत्याचं शेवटी नेमकं काय झालं गो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं आणि गाव गाळलंय.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई-गोवा आणि मिऱ्या-नागपूर अशा दोन हायवेंच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या, त्यातल्या एकात आमची थोडी गेली. आजोबांची चार मुलं. थोरले काका गावातच राहिले, दोघी आत्या लग्न होऊन गेल्या, माझे पप्पा सगळ्यात धाकटे, मुंबईला नोकरीला. थोरल्या आत्याचं लग्न १९८३ चं, धाकटीचं १९८९ चं. आजोबा गेले १९९८ ला, आजी २०११ ला. मृत्युपत्र कोणीच केलेलं नाही. तारखा मुद्दाम सांगतेय कारण पुढे सगळा खेळ तारखांचाच झाला.

सातबारावर आजोबांच्या मागे एकट्या थोरल्या काकांचं नाव, आणि नावापुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं. हे कोकणात असंख्य सातबारावर आहे, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन कुटुंबाची, हा माणूस फक्त कारभार बघतो. पण वीस-पंचवीस वर्षं एकच नाव दिसलं की गावालाही वाटायला लागतं की जमीन त्याचीच, आणि खरं सांगायचं तर त्या माणसालाही वाटायला लागतं.

पेपरात भरपाईची जाहीर नोटीस आली. नॅशनल हायवे कायद्याच्या कलम ३जी प्रमाणे ती दोन स्थानिक पेपरांत द्यावी लागते, त्यातला एक तरी स्थानिक भाषेतला, आणि ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्यांनी येऊन सांगा असं त्यात असतं. ती नोटीस थोरल्या आत्याच्या मुलाने चहाच्या टपरीवर पेपर चाळताना बघितली, गट नंबर ओळखीचा वाटला म्हणून फोटो काढून आईला पाठवला. तो फोटो आला नसता तर हे प्रकरण घडलंच नसतं. पैसे काकांच्या खात्यात गेले असते आणि मग ते परत मिळवायला आत्याला भावावर वसुलीचा दावा लावायला लागला असता, जे तिने मेली तरी केलं नसतं.

थोरल्या आत्याने आधी काकांना फोन केला. "दादा, त्यात आमचं पण काही असेल ना रे?" काका म्हणाले, "तुम्ही सोडलंयत ना सगळं, सही केलीय." बस. नंतर दोन महिने त्या घरात फोनवर कोणी कोणाशी बोललं नाही.

ती सही म्हणजे काय ते सांगते. २००९ च्या गणपतीत दोघी आत्या माहेरी आलेल्या, दुपारची आरती झाली, जेवणं व्हायची होती, आणि काकांनी शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणला, सोबत ओळखीचा एक माणूस. सोसायटीचं कर्ज काढायचंय, सह्या लागतात, असं सांगितलं. दोघींनी ओल्या हातांनी माजघरात पाटावर बसून सह्या केल्या. पेपरवर नंतर नोटरीचा शिक्का लागला. दुय्यम निबंधकाकडे कोणी गेलं नाही, नोंदणी झालीच नाही. ह्या एका गोष्टीवर पुढे फार मोठं काम झालं.

आम्ही भूसंपादनाच्या ऑफिसला गेलो तेव्हा टेबलावरचे साहेब म्हणाले सातबारावर नाव आणा नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा, नाहीतर आम्ही सातबाराप्रमाणे वाटप करू. आत्या लगेच उठायलाच लागली. हे वाक्य ऐकून किती बायका उठून घरी गेल्या असतील कोण जाणे, माझा जीव तुटतो विचार करून. कारण हे वाक्य कायद्याला धरून नाहीच. सातबारा, फेरफार ह्या महसुलाच्या नोंदी, सारा कोणाकडून घ्यायचा त्यासाठी. मालकी त्याने ठरत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने हे किती वेळा तरी सांगितलंय, सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या निकालात पुन्हा सांगितलं की नोंदीने हक्क येतही नाही आणि जातही नाही.

आम्हाला ज्या वकील मॅडम भेटल्या त्यांनी पहिल्या दिवशी एकच काम केलं. एक पानी हरकत लिहून दिली, त्यात कलम ३एच पोटकलम ४ लिहिलं आणि म्हणाल्या आवक-जावकला द्या, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ते पोटकलम सांगतं की भरपाईची रक्कम कोणाला किती ह्याबद्दल वाद उभा राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे भूसंपादनाच्या अधिकाऱ्याने, तो वाद त्या भागाच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा, म्हणजे आमच्यासाठी जिल्हा न्यायालय. त्याच्या आधीचं पोटकलम ३ म्हणतं की अनेक जण दावेदार असतील तर कोणाला किती द्यायचं हे प्राधिकाऱ्याने आपल्या मते ठरवावं. ह्या दोन पोटकलमांमध्ये लोकांचे पैसे अडकतात किंवा चुकीच्या हातात जातात, कारण ऑफिसं ३ पकडून बसतात आणि ४ कडे बघत नाहीत. जुलै २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा विनोद कुमार विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, मऊ हा निकाल आला. उत्तर प्रदेशातली जमीन, पण वाद हाच. कोर्टाने सांगितलं की वाटणीवर वाद आहे म्हटल्यावर प्राधिकाऱ्याला तो स्वतः निकाली काढता येत नाही, दिवाणी न्यायालयाकडे पाठवायलाच हवा. आमची हरकत तोवर नुसती पडून होती. मॅडमनी त्या निकालाची प्रत लावून दुसरा अर्ज दिला, मग हालचाल झाली, वाद पाठवला गेला आणि रक्कम कोर्टात जमा झाली. तेव्हापासून व्याज तरी चालू झालं.

आता मुख्य प्रश्न, आत्याचा हिस्सा किती. आमच्याकडे अजून आण्यात बोलतात म्हणून आण्यातच मांडते, पूर्ण मालमत्ता सोळा आणे.

काकांच्या वकिलांचं म्हणणं होतं की आजोबा १९९८ ला गेले, मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, म्हणून आत्यांना जुना कायदा. जुन्या कायद्यात माणूस गेला की तो जायच्या क्षणी वाटप झालं असं फक्त हिशोबापुरतं धरायचं. ते कसं धरायचं हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम निकालात सांगितलेलं आहे. त्याप्रमाणे आजोबा ४ आणे, आजी ४, काका ४, पप्पा ४. मुलींना ह्यात काहीच नाही. मग आजोबांच्या ४ आण्याचे पाच वारस, आजी आणि चार मुलं. नंतर आजी गेली, तिचा वाटा चार मुलांत. सगळं करून प्रत्येक आत्याचे होतात २ आणे आणि काकांचे, पप्पांचे ६-६ आणे. म्हणजे जुन्या कायद्यातसुद्धा शून्य कधीच नव्हतं. हे मी जाड अक्षरात लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. "आजोबा दुरुस्तीच्या आधी गेले म्हणजे तुम्हाला काही नाही" हे गावात जे सर्रास सांगतात ते जुन्या कायद्यानेही खोटं आहे.

मधे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा पण आला होता, २२ जून १९९४ पासून, केंद्राच्या अकरा वर्षं आधी मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतः हक्काचे वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आमच्या दोघी आत्या त्यात बसत नव्हत्या. एकाच घरात एक बहीण १९९३ ला लग्न झाली आणि दुसरी १९९५ ला, तर पहिलीला नाही दुसरीला आहे, अशी स्थिती त्या काळात कितीतरी घरांत झाली असणार.

नंतर २०१५ च्या प्रकाश विरुद्ध फुलवती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की २००५ च्या त्या तारखेला वडील आणि मुलगी दोघं जिवंत पाहिजेत. फेब्रुवारी २०१८ ला दानम्माच्या केसमध्ये वडील २००१ ला गेलेले असून मुलींना समान हिस्सा दिला. दोन्ही निकाल त्याच कोर्टाचे, दोन्ही दोन न्यायमूर्तींचे, आणि खालच्या कोर्टात जो तो आपल्या सोयीचा दाखवायचा. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मध्ये हे मिटवलं. मुलीचा हक्क जन्माने येतो, तो वडिलांकडून वारशाने यायचा नसतो, म्हणून वडील २००५ ला जिवंत असायची गरज नाही. आणि जुन्या कायद्यातलं ते हिशोबापुरतं वाटप हे खरं वाटप नव्हे. म्हणजे आमच्याकडे चार भावंडं, चार-चार आणे. दोनाचे चार झाले आणि काका, पप्पा सहावरून चारवर आले.

एक गट मात्र वेगळा होता, आजोबांना कुळकायद्याने मिळालेला. मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं की कुठला गट वडिलार्जित आणि कुठला आजोबांचा स्वतःचा. तो आजोबांचा स्वतःचा ठरला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने आजी आणि चारही मुलं सारखे वारस, म्हणजे शेवटी तिथेही चार आणेच, आणि त्यासाठी २००५ ची दुरुस्ती पण लागत नाही. हे गावात कोणालाच माहीत नसतं, सगळे "वडिलोपार्जित, वडिलोपार्जित" करत बसतात.

(आजोबांच्या बहिणीच्या नातवाने पण ह्यावरून विचारलं होतं, आमचं काही निघतं का. पणजोबा १९५६ च्या आधीच गेलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने म्हटलंय की १९५६ च्या कायद्याआधी वडील गेले आणि मागे विधवा नि मुलगी असेल तर त्या मुलीला वारसा नाही. त्यामुळे त्यांनी तो विषय सोडला.)

पण विनीता शर्मा निकालातच काकांच्या बाजूचा एक रस्ता होता. २० डिसेंबर २००४ च्या आधी खरोखर वाटप झालं असेल तर ते कायम राहतं. म्हणून काकांच्या लेखी म्हणण्यात आलं की १९९६ ला आजोबांच्या हयातीत तोंडी वाटप झालं, दोन भावांनी जमीन घेतली, बहिणींना लग्नात दिलं गेलं. ह्यावर कोर्टाने त्याच निकालात सांगून ठेवलंय की नुसतं तोंडी वाटपाचं म्हणणं चालणार नाही, सरकारी कागदांनी ते पक्कं दिसत असेल तर अपवाद म्हणून, नाहीतर नाही. कारण उघड आहे, तोंडी वाटप म्हणायला काय लागतं.

आणि इथे तो ए.कु.मॅ. आमच्या कामी आला. मी तलाठ्याकडून १९९८ चा फेरफार काढलेला, हाताने लिहिलेला, शाई तपकिरी झालेली. आजोबा मयत, सबब थोरल्या मुलाचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून दाखल, अर्ज काकांचाच, सही पण काकांची. मॅडमनी उलटतपासात काकांना तेवढंच विचारलं, १९९६ ला वाटप होऊन गेलं होतं तर १९९८ ला तुम्ही कुठल्या एकत्र कुटुंबाचे मॅनेजर होतात? काका गप्प राहिले. मी मागच्या बाकावर होते, मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, पण काकांचे हात कठड्यावर थरथरत होते ते बघून रडूच आलं. ह्याच हातांनी मला पोहायला शिकवलंय.

दुसरा पुरावा आजीची वही. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यांच्या खाली. आंब्याच्या पेट्या किती गेल्या, दलालाकडून किती आले, गड्यांना किती दिले, आणि शेवटी "चौघांस" म्हणून रक्कम. १९९६ नंतरही दरवर्षी "चौघांस". २००४ च्या पानावर थोरल्या आत्याच्या नावापुढे लिहिलंय "नको म्हणाली, कौलांस दिले". म्हणजे आत्याने आपला वाटा घराच्या कौलांना दिला होता आणि ती स्वतः हे विसरून गेली होती.

आणि तिसरे पप्पा. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की १९९६ ला वाटप झालेलं नाही. सहा आण्याचे चार आणे होणार हे माहीत असून दिलं. आधी ते पण "बहिणी हक्क मागतात का" म्हणणारेच होते, हे लपवत नाही. वही वाचल्यावर एक रात्र जागे होते, सकाळी म्हणाले, चल नोटरीकडे.

राहिला तो २००९ चा पेपर. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा दस्त नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि नोंदवला नसेल तर कलम ४९ प्रमाणे हक्क गेल्याचा पुरावा म्हणून तो वाचता येत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही, शंभराचा असो की पाचशेचा असो, स्टॅम्प पेपर म्हणजे नोंदणी नाही. काकांच्या वकिलांनी ह्यावर १९७६ चा काळे निकाल दाखवला, महाराष्ट्रात कौटुंबिक व्यवस्थेच्या प्रत्येक वादात हा येतो. त्यात आहे की घरात आधी तोंडी ठरलं आणि नंतर त्याची आठवण म्हणून कागद केला तर नोंदणी लागत नाही. पण कागदानेच हक्क संपत असेल तर लागते. मॅडमनी पेपरची दुसरी ओळ मोठ्याने वाचली. "आजपासून माझा सदर मिळकतीवरील हक्क सोडून देत आहे." आजपासून. म्हणजे आधी काही ठरलेलं नव्हतं, हक्क ह्याच कागदाने सोडला जातोय. ज्याने कोणी तो मसुदा टाईप केला त्याच्या एका शब्दावर दोघी बहिणींचे आठ आणे वाचले.

मुदतीचा मुद्दा पण आला, एवढी वर्षं गप्प का होतात म्हणून. एकत्र कुटुंबातून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षं अशी मुदत आहे, मुदत कायद्याचा अनुच्छेद ११०. आत्याला वगळल्याचं कळलं ते भरपाईच्या वेळी काकांच्या फोनवर, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरतात. हा मुद्दा फार चालला नाही.

आता काकांची बाजू, कारण ती न लिहिता हे अर्धवट राहील. हायवेत गेलेल्या जागेत आंब्याची कलमं होती आणि त्यांचं मूल्यांकन जमिनीच्या भरपाईपेक्षा वेगळं झालं होतं. ती कलमं काकांनी लावलेली. जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, माती डोक्यावरून आणली, पहिली चार वर्षं उन्हाळ्यात काकी कळशीने पाणी घालायची. आम्ही मे महिन्यात येऊन आंबे खाल्ले आणि गेलो. काका कोर्टात एकदाच आवाज चढवून बोलले ते ह्याच्यावर, "जमीन चौघांची असेल, घाम चौघांचा नव्हता." ते खरंच आहे आणि त्या दिवशी आत्यालाही ते लागलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, झाडांचे पैसे मला नकोत गो, ते वहिनीचे आहेत.

तिथून तडजोड सुरू झाली. दोन्ही वकिलांनी मिळून पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, जमिनीची भरपाई चार-चार आणे, काकांनी लावलेल्या कलमांची पूर्ण काकांना, आजोबांच्या वेळच्या जुन्या रायवळ झाडांची चौघांत. कोर्टाने त्याप्रमाणे आदेश केला. माझ्या मते हे नुसत्या निकालापेक्षा जास्त बरोबर झालं, कारण निकालात सगळंच सरसकट चारात गेलं असतं, पण हे पण तितकंच खरं की विनीता शर्मा निकाल पाठीशी नसता तर तडजोडीला कोणी बसलंच नसतं.

पैशाचं एवढं झालं, उरलेल्या जमिनीचा वाटपाचा दावा वेगळा होता. त्यात प्राथमिक हुकूमनामा झालाय, चौघांना समान. साराआकारणी असलेली शेतजमीन असल्यामुळे प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, कलम ५४ ने ते कलेक्टरकडे जातं, तिथून खाली तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी. घर आधीच वाद न करता ठरलं, काका-काकी राहतील, दोघी आत्यांना गणपती-शिमग्याला आणि केव्हाही यायला माजघराच्या बाजूच्या दोन खोल्या. पूर्वी भाऊ राहत्या घराचं वाटप करत नाहीत तोवर बहिणींना ते मागता येत नव्हतं, ते वारसा कायद्याचं कलम २३ पण २००५ ला काढून टाकलंय, म्हणून खोल्यांचं लेखी झालं.

सातबारावर नावं लावताना थोरल्या आत्याचं अडलं, कारण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि आजोबांच्या वंशावळीत घरात हाक मारायचे ते तिसरंच. तिन्ही नावांची बाई एकच असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला नाही म्हणून सासरच्या पोलीस पाटलाचा दाखला, असं करत करत फेरफार मंजूर झाला. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत आमच्या शेजारच्या वाडीत मयत खातेदारांचे वारस लावले तेव्हा बऱ्याच बहिणींची अशीच नावांवरून धावपळ झाली, ज्यांच्या आया-आत्या हयात आहेत त्यांनी हे कागद आत्ताच जमवावेत.

मोजणीची फी भरलीय, तारीख यायचीय. गेल्या महिन्यात काकांचा आत्याला फोन आला, मोजणीवाले आले की हद्दीचा दगड दाखवायला लागेल, वरच्या बाजूचा दगड गडग्याखाली गेलाय, तो बाबांनी कुठे पुरलेला ते तुलाच माहीत, तू तेव्हा त्यांच्याबरोबर होतीस. आत्या म्हणाली, येते, पण पावसाच्या आधी बोलाव, नंतर तिथे रान माजतं.